पायाशी जागा

"साहेब, लोक ॲव्हरेज विचारतात, डिक्कीत हेल्मेट मावतं का ते विचारतात. तुम्ही हे काय मोजायला लागलाय?"

शोरूमच्या चकचकीत फरशीवर पप्पा गुडघे टेकून बसले होते. हातात कामावरचा स्टीलचा टेप, कानावर पेन्सिल. गोल दिव्याच्या जुन्या घाटाच्या स्कूटरची पायाजवळची सपाट जागा त्यांनी आधी आडवी मोजली, मग लांबीला मोजली. मग तसेच गुडघ्यांवर सरकत शेजारच्या स्कूटरकडे गेले. ती नव्या फॅशनची, पुढं टोकदार चोच असलेली, मीटरमध्ये काट्याऐवजी आकडे चमकणारी.

"पाय ठेवायची जागा मोजतोय," पप्पा म्हणाले.

"दोन्हीत भरपूर आहे की साहेब. आरामात बसतील तुमचे पाय."

"माझे न्हवं."

सेल्समन पोरगा एक पाऊल मागं सरकला. शार्दूल असं काहीतरी नाव त्याच्या छातीवरच्या पट्टीवर होतं. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा माझ्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेल्या निनादकडं. निनाद त्याच्याकडं बघून छान हसला. माझा भाऊ कुणालाही बघून छान हसायचा. त्याला चालता येत नाही हे लोकांच्या उशिरा ध्यानात यायचं, त्याचं निम्मं कारण ते हसणं होतं.

म्हणजे तेव्हा अगदीच येत नव्हतं असं नाही. टाचा उचलून, पोट पुढं काढून, बदकासारखा डुलत तो घरातल्या घरात फिरायचा. उभा राहायचा. पण खाली बसला की उठताना आधी जमिनीवर हात, मग गुडघ्यांवर हात, मग मांड्यांवर हात, असा स्वतःच्याच अंगावर चढत चढत वर यायचा. वय वर्षं दहा.

"ताई," तो माझ्या कानाशी कुजबुजला, "गोल दिव्याची आहे ना, ती आत्याबाई."

मला हसू फुटलं. आमची इचलकरंजीची आत्या अगदी अशीच होती. गोल चेहरा, गोल चष्मा, आणि मागून बघितलं तर गाडीइतकीच भरभक्कम. "आणि ही दुसरी?"

"टोळ."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या दोन गाड्यांना तीच नावं पडली. पप्पांना आत्याबाई हवी होती. आईला टोळ हवा होता.

आई टोळावर बसलीच होती. साडी सावरून मागच्या सीटवर बसून तिनं पाठीमागच्या टेक्याला कोपरानं दाबून बघितलं, मग पाठ टेकून बघितली. "हिला मागं टेकायला हाय," ती म्हणाली. "सीट पण लांब हाय. तिघं बसत्यात."

"पायाशी मधे उंचवटा हाय हिला," पप्पा टेप गुंडाळत म्हणाले. "उभं राहायला सपाट पायजे."

आईनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. शार्दूलनं दोघांना पाणी आणून दिलं. त्याला वाटलं असणार, नवराबायकोचं गाडीवरून जुंपलंय. रोज बघत असेल बिचारा.

ते गाडीवरून नव्हतंच.

निनाद कोल्हापूर सोडून दुसऱ्या कुठल्या गावात जन्मला असता तर त्याचं दुखणं कदाचित लवकर कळलं असतं. लवकर कळून काही उपयोग नव्हता, ते डॉक्टरांनी सांगितलंच. पण निदान आम्ही त्याचा आनंद तरी केला नसता. चौथ्या-पाचव्या वर्षी त्याच्या पोटऱ्या अशा काही भरल्या की गल्लीतल्या बायका त्याला थांबवून थांबवून बघायच्या. "काय पोटऱ्या हायत बाई पोराच्या! पैलवान होतोय बघा." आमच्याकडं पोराच्या अंगात जरा दम दिसला की लोकांना आधी लाल माती दिसते. पप्पांनी त्याला खांद्यावर बसवून तालमीत नेलं. वस्तादांनी त्याची पोटरी दोन्ही हातांनी चाचपली आणि म्हणाले, "ही पोटरी न्हवं बळवंतराव, खांब हाय खांब! जपा ह्याला."

मग काय विचारता. रोज पहाटे पप्पा त्याला गंगावेशीत न्यायचे. तिथं म्हशी बांधलेल्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळतं दूध हातात देतात. ते दूध, वर बदाम, रात्री तिळाच्या तेलानं मालिश. मला कधी कुणी बदाम दिला नाही, ही माझी तेव्हाची मोठी तक्रार. पोरगं जिना चढताना कठडा धरायला लागलं, तर आई म्हणायची आळशी झालंय. पळताना पडायला लागलं, तर पप्पा म्हणायचे अंग जड हाय त्याचं, पैलवानाचं असतंय.

शेवटी शाळेतल्या बाईंच्या आग्रहानं त्याला मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर भले होते, आडपडदा न ठेवता बोलले. पोटऱ्या भरल्या होत्या त्या ताकदीनं नव्हे, रोगानं. आतला स्नायू विरत चालला होता आणि त्याच्या जागी चरबी भरत होती. औषध नाही. आधी पाय जातील, मग हात, मग श्वास.

परत येताना एसटीत पप्पा खिडकीबाहेर बघत होते. जयसिंगपूर मागं पडलं तेव्हा म्हणाले, "डॉक्टर पण माणूसच हाय. चुकतंय माणूस."

दुसऱ्या दिवशी आईनं घरातले पायपोस उचलून माळ्यावर टाकले, म्हणजे त्याचा पाय अडकायला नको. त्या दिवसापासून आमच्या घरात दोन पक्ष झाले. आई पुढं येणाऱ्या दिवसाची तयारी करायची आणि पप्पा तो दिवस यायचाच नाही अशा बेतानं वागायचे. दोघंही त्याच्यासाठीच झटत होते, म्हणून कुणाची बाजू घ्यावी ते मला कळायचं नाही.

स्कूटर घ्यायची वेळ आली ती शाळेमुळं. पप्पांच्या मोटरसायकलवर निनादला आता पाय फाकून बसता येईना. रिक्षात पोरांच्या रेटारेटीत तो दोनदा खाली आला. मग ठरलं, स्कूटर घ्यायची, पप्पा कामावर जाता जाता सोडतील, मी कॉलेजातून येता येता वेगळ्या रिक्षानं आणेन. पप्पा शिरोलीला फौंड्रीत पॅटर्न करायचे, म्हणजे ओतकामाच्या आधी लागणारे लाकडी नमुने. मोजून मापून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. आमच्याकडं नवीन पातेलं आलं तरी ते त्याला टेप लावायचे.

आत्याबाईच्या पायाशी जागा जास्त भरली. घरी आल्यावर पप्पांनी ती गोष्ट सगळ्यांना परत सांगितली.

"माझ्या वडलांची गाडी अशीच होती," ते निनादला म्हणाले. तो भिंतीला पाठ लावून बसला होता. "असलाच गोल दिवा, आकाशी रंग. मी पुढं उभा राहायचो, हँडलला धरून. वारं आधी मला लागायचं, मग अण्णांना. रंकाळ्याच्या वळणावर आलो की अण्णा म्हणायचे, बळवंता, हॉर्न वाजीव. सगळं कोल्हापूर बाजूला व्हायचं."

"खरं?" निनाद म्हणाला.

"तर! तू पण वाजीव. तुला पुढं उभा करून न्हेतो शाळेला. पोरं बघत राहतील."

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "तो बसणार हाय, का उभा राहणार हाय, ते आधी ठरवा," ती परातीकडं बघतच म्हणाली. "मग गाडी ठरवू."

"उभा राहील."

"कुठवर?"

निनादनं माझ्याकडं बघून डोळे मोठे केले, हसवायला. मला हसू आलं नाही. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला आणि आईनं ती उलटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी त्याच्या पायाला तेल लावत होते. आता ते मालिश पैलवानीचं नव्हतं, टाचा आखडू नयेत म्हणून होतं, पण बाटली तीच होती. तो छताकडं बघत पडला होता.

"ताई, टोळच बरा."

"का रे? काल तर आत्याबाई, आत्याबाई करत होतास."

"टोळाला मागं टेकता येतंय. तू मागं बसायचं, मी मधे, आणि ओढणीनं बांधायचं. आई गॅसची टाकी बांधते बघ मोटरसायकलला, तसं. मग पडणार न्हाई."

उद्याचं वेळापत्रक सांगावं तसं तो सांगत होता. माझा तेलाचा हात त्याच्या घोट्यावर तसाच राहिला.

"आणि पुढं उभं राहायचं?"

"ताई, खुळी हायस काय," तो म्हणाला. अगदी हळू म्हणाला.

मला रडू यायला लागलं तसा तो घाईघाईनं बोलला, "पप्पांना तू सांगू नको. तुला सांगता येत न्हाई नीट. नाव अबोली आणि तोंड कायम चालू. मी सांगतो. मला विचारतील की ते."

त्यांनी विचारलंही. रविवारी आम्ही परत शोरूमला गेलो. पप्पांनी निनादला कडेवर आणलं आणि दोन गाड्यांच्या मधे, खुर्चीत बसवलं. स्वतः त्याच्यासमोर उकिडवे बसले. शार्दूल हातात कागद घेऊन उभाच होता.

"टोळ आजच्या आज मिळेल," तो म्हणाला. आमचं नाव त्यानंही उचललं होतं. "दुसरीत आकाशी रंग पाहिजे असेल तर थांबावं लागेल. दसऱ्याला देतो."

"बोल पैलवान," पप्पा म्हणाले. "गाडी तुझी. कुठली?"

निनादनं टोळाकडं बघितलं. लांब सीट, मागचा टेका. मग पप्पांकडं बघितलं. पप्पांनी त्या दिवशी सुट्टी असून टेप खिशात आणला होता आणि तो हातात धरून ते त्याची पट्टी नुसती बोटानं आत-बाहेर करत होते. ओठांवर हसू होतं, पण ते चेहऱ्यावर नीट बसत नव्हतं. परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखे ते निनादच्या तोंडाकडं बघत होते.

"आत्याबाई," निनाद म्हणाला.

मी तोंड उघडलं. त्यानं खुर्चीच्या आडून मला चिमटा काढला. जोराचा. बोटांत तेवढी ताकद होती तेव्हा.

"बघ!" पप्पा उठून आईला म्हणाले. "बघ, पोराचं त्याला कळतंय. आकाशीच द्या हो. थांबतो आम्ही दसऱ्यापर्यंत."

आईनं मान फिरवली आणि शार्दूलला म्हणाली, "पाणी मिळंल काय जरा?"

मला त्या क्षणी पप्पांचा राग आला. असला राग आला की तो टेप हिसकावून रस्त्यावर टाकून द्यावा. समोर सगळं दिसतंय, पोरगं तुमच्या समोर बसलंय, आणि तुम्ही रंगासाठी थांबताय! पण त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आता नीट बसलं होतं, ते मिरजेहून आल्यापासून मी बघितलं नव्हतं.

गणपती गेले. पितृपंधरवडा आला. निनाद आता भिंत धरल्याशिवाय उभा राहीना. नवरात्रात एकदा न्हाणीत पडला तो उठेचना. मांड्यांवर हात ठेवून स्वतःवर चढायचा प्रयत्न त्यानं केला, परत केला, मग फरशीवर नुसता बसून राहिला. आईनं त्याला उचललं आणि म्हणाली, "पाणी सांडलं होतं. घसरला."

"व्हय, घसरला," पप्पा म्हणाले.

दसऱ्याला गाडी आली. आकाशी, गोल दिव्याची, आरशांच्या कडा चांदीसारख्या. आईनं हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, हँडलला आपट्याची पानं बांधली. चाकांखाली लिंबं ठेवली. गल्लीतले सगळे बघायला जमले. लोकांच्या मनातलं त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण सणाच्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

"चल पैलवान," पप्पा म्हणाले. ते गाडीवर बसले, स्टँड काढला, आणि आईनं निनादला उचलून पुढं, त्या मोजलेल्या जागेत उभं केलं. पायांत नवीन काळे बूट होते. त्यानं आरशाच्या दोन्ही दांड्या धरल्या. पप्पांनी दोन्ही मांड्यांनी त्याला दोन्हीकडून आवळून धरलं. मी मागं बसले. आई श्रीखंड-पुरीचं बघायला मागं राहिली, असं तिनं सांगितलं.

लिंबं फुटली. गाडी निघाली.

पप्पा काय खुलले होते त्या दिवशी! ओळखीचा माणूस दिसला की हॉर्न. अनोळखी दिसला तरी हॉर्न. निनाद बटण दाबायचा आणि पप्पा ओरडायचे, "बाजूला व्हा, आत्याबाई आली!" लोक हसून बघायचे. मीही हसत होते. मला खरंच वाटायला लागलं होतं की हे जमलं. मी पप्पांवर रागावले होते ते उगाच, असंही वाटलं. तेवढ्यात रंकाळ्याजवळ गाडी थांबली, पुढं गाय आडवी आली होती म्हणून, आणि मी सहज बाजूनं वाकून पुढं बघितलं.

निनादचे पाय जमिनीला टेकलेले नव्हते. म्हणजे गाडीच्या त्या जमिनीला. बूट होते तिथं, पण उलटे मुडपलेले, टोकं खाली घासत, तळवे मागच्या बाजूला. गुडघे केव्हाच वाकले होते. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखा तो आरशाच्या दांड्यांना लटकला होता, आणि बाकी सगळा भार पप्पांच्या मांड्यांच्या मधे अडकला होता.

मी वर बघितलं. डाव्या गोल आरशात त्याचा चेहरा होता. खालचा ओठ दातांत धरलेला, कपाळावर घाम. आरशातून तो माझ्याकडंच बघत होता. त्यानं मान हलवली. नको.

रंकाळ्याच्या कट्ट्याशी चहाच्या गाड्यावर वस्ताद उभे होते. म्हातारे झाले होते, काठी आली होती हातात. पप्पांनी गाडीचा वेग कमी केला आणि केवढ्यानं तरी ओरडले, "वस्ताद! बघा, पैलवान उभा हाय!"

"मग?" वस्ताद काठी उंच करून ओरडले. "खांब हाय तो!"

आरशात निनाद हसला. त्याचं ते कायमचं छान हसू. मग त्यानं हॉर्न दाबला आणि आम्ही वळलो.

मी कुणाला काही सांगितलं नाही. त्यानं नको म्हटलं होतं.

सगळा हिवाळा तो तसाच शाळेला गेला. पुढं उभा राहून. सकाळी मी बारावीचं पुस्तक घेऊन पायरीवर बसलेली असायचे आणि आई त्याच्या बुटांना पॉलिश करत असायची. रोज. पुढच्या टोकांना तर दोनदोन हात द्यायची. ते बूट लवकर का खराब होतात, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तू अभ्यास कर." पप्पा तयार होऊन यायचे, निनादला उचलायचे, म्हणायचे, "राह्यलास उभा?" तो म्हणायचा, "राह्यलो." आणि गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत हॉर्न वाजत राहायचा.

शिमग्याच्या सुमारास त्याच्या हातातून आरशाची दांडी सुटायला लागली. एकदा सुटली आणि त्याची हनुवटी मीटरवर आपटली, रक्त आलं. त्या दिवशी शाळा संपली. नंतर चाकाची खुर्ची आली. नंतर खुर्चीत बसायलाही मागून पुढून उशा लागायला लागल्या. नंतर रात्री तोंडावर यंत्र लावावं लागायचं. आधी पाय, मग हात, मग श्वास. डॉक्टरांचा क्रम एवढासुद्धा चुकला नाही. चुकतंय माणूस, म्हणाले होते पप्पा. नाही चुकला.

अठरावं लागायच्या आत तो गेला. मी पुण्याहून येईपर्यंत थांबला नाही.

ह्या गोष्टीलाही आता काही वर्षं झाली. आत्याबाई मात्र अंगणात राहिली. पप्पा तिच्यावरून कामाला गेले, निवृत्त झाले, मग मंडईत जायला लागले. परवा दिवाळीला मी घरी गेले तर तिची पायाजवळची ती जागा गंजून तिला भोक पडलेलं. मेस्त्रीनं हात वर केले. म्हणाला, काका, आता ही भंगारात.

दुपारी जेवणं झाल्यावर मी मोबाईल काढला. "पप्पा, मी घेऊन देते नवीन. हे बघा, परत दोनच हायत बघा. ही गोल दिव्याची, आता बॅटरीवर पण येते. आणि ही नवीन, लांब सीटची."

आई सुपारी कातरत बसली होती. पप्पा भिंतीला पाठ लावून, निनाद बसायचा तिथं बसले होते. गुडघे दुखतात त्यांचे आता, पाय लांब सोडून बसतात. त्यांच्या त्या लांब सोडलेल्या पायांकडं बघता बघता मी बोलून गेले. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं, कसं सुटलं मला कळलं नाही.

"पप्पा, दसऱ्याला आपण गेलो होतो ना रंकाळ्याला. निनाद उभा नव्हता."

अडकित्त्याचा आवाज थांबला.

"पाय मुडपले होते त्याचे. मी बघितलं होतं. मला म्हणाला, सांगू नको. म्हणून नाही सांगितलं. तो नुसता लटकला होता पप्पा. सगळा हिवाळा."

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता ते कोसळतील, आणि मला माझीच जीभ तोडावीशी वाटली. पण ते शांतच होते. त्यांनी हात आपल्या दोन्ही मांड्यांवर ठेवले.

"अबोले," ते म्हणाले, "त्याचा सगळा भार इथं होता. गल्लीचं टोक यायच्या आधी कळलं मला."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"तो माझ्यासाठी उभा होता. मी कसं सांगू, खाली बस म्हणून?"

मग आई सुपारीकडं बघत म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला कळू नये. म्हणून टोकांना रोज पॉलिश करत होते."

पप्पांनी मान हलवली. तेही त्यांना माहीत होतं की नाही, ते मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. सगळ्यांना सगळं माहीत होतं. कुणीही कुणाला वाचवू शकलं नाही. जो तो दुसऱ्याला फक्त झाकत बसला होता, आणि त्या सगळ्यांच्या मधे एक दहा वर्षांचं पोरगं ओठ दातांत धरून हॉर्न वाजवत होतं.

"बघू," पप्पांनी हात पुढं केला.

मी मोबाईल दिला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. गोल दिव्याच्या गाडीचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. दिवा बघितला नाही, आरसे बघितले नाहीत. फोटो सरकवत सरकवत ते खाली आले, पायाजवळच्या जागेवर थांबले.

"हिची रुंदी किती असंल?" त्यांनी विचारलं. दुसरा हात सवयीनं सदऱ्याच्या खिशाकडं गेला. खिशात टेप नव्हता. हात तिथंच राहिला.

मग त्यांनी मोबाईल मला परत दिला.

"कुठली पण घे," ते म्हणाले. "आता पुढं कोण न्हाई."